दुपारचा अर्धा तास

मुंबईत बारा वाजता बारा वाजत नाहीत. घड्याळाचे दोन्ही काटे वर येऊन भिडतात, पण सूर्य डोक्यावर यायला अजून अवकाश असतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो बारा वाजून बावीस मिनिटांच्या आसपास माथ्यावर येतो, फेब्रुवारीच्या मध्यात बारा वाजून त्रेपन्न मिनिटांनी. वर्षभराची सरासरी काढली तर साधारण 12 वाजून 39 मिनिटे. मशिदीत लावलेले नमाजचे वेळापत्रक ज्यांनी कधी लक्ष देऊन पाहिले असेल त्यांना हे ठाऊक आहे, कारण जोहरची वेळ सूर्य माथ्यावरून कलल्यानंतरच सुरू होते. जोहरच्या रकान्यातले आकडे वर्षभर थोडे थोडे सरकत राहतात. बाकी सगळे शहर सरकारी घड्याळावर चालते आणि हा रकाना तेवढा सूर्यावर.

हा फरक एकेकाळी मुंबईने फार मनावर घेतला होता. 1 जानेवारी 1906 रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा 39 मिनिटे मागे होती. घड्याळे पुढे करा, असा हुकूम निघाला. गिरणी कामगाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. भोंगा तोच, आकडा तोच, पण उठायचे मात्र सूर्याच्या हिशेबाने 39 मिनिटे आधी. त्याच महिन्यात काही गिरण्यांतल्या कामगारांनी कामावर जायला नकार दिला, दगडफेकही झाली. महापालिकेने पुढे कित्येक वर्षे 'मुंबई टाइम' सोडला नाही. स्वातंत्र्यानंतरही काही काळ तो शहरात जिवंत होता. घड्याळ कोणाचे आणि दिवस कोणाचा, या प्रश्नावर या शहरातली माणसे भांडलेली आहेत.

हे सगळे आठवण्याचे कारण आजची एक साधी तक्रार. अंधेरीतल्या ऑफिसात, मुलुंडच्या दुकानात, घाटकोपरच्या क्लिनिकमध्ये, बोरिवलीच्या बँकेत, कोणालाही विचारा: दुपारी दोन ते चार डोळे जड होतात, वाचलेले डोक्यात शिरत नाही, बेरीज चुकते. उपायही सगळीकडे एकच, चहा. एक कटिंग, मग दुसरे. आता त्यात कॉफी मशीन आणि एनर्जी ड्रिंकची भर पडली आहे. चहा सोडून दुसरे काय करता येईल, असे हल्ली पुष्कळ जण विचारतात. कोणाला ॲसिडिटीने छळलेले असते, कोणाला रात्री झोप येत नाही, कोणाचा रमजान जवळ आलेला असतो. या प्रश्नाचे उत्तर आरोग्याच्या सल्ल्यात शोधण्याआधी इतिहासात शोधावे असे मला वाटते. कारण दुपारच्या सुस्तीवर चहा हा उपाय अगदी अलीकडचा आहे. त्याआधी हजारो वर्षे माणसांकडे दुसरा उपाय होता आणि तो आपल्या हातून कसा गेला याची कथा बऱ्याच अंशी याच शहरात घडली आहे.

सुस्ती हा दोष नाही

आधी एक गैरसमज दूर करू. दुपारची पेंग केवळ जेवणामुळे येते असे आपण समजतो. भात जास्त झाला, बिर्याणी अंगावर आली, वगैरे. जड जेवणाने ती वाढते हे खरे. पण मूळ कारण शरीराच्या घड्याळात आहे. आपल्या जागेपणाला चोवीस तासांत दोन उतार असतात. मोठा उतार मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत, आणि छोटा दुपारी एक ते चारच्या दरम्यान. झोपेचा अभ्यास करणाऱ्यांना हा छोटा उतार न जेवलेल्या माणसांतही आढळतो. आणि यासाठी प्रयोगशाळेपर्यंत जायचीही गरज नाही. रमजानमध्ये दुपारचे जेवण नसतेच, तरी जोहरनंतर पापण्या मिटू लागतात, हा तर रोजा धरणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव.

म्हणजे दुपारी जड वाटणे हा आळस नाही की कमजोरी नाही. भरतीनंतर ओहोटी यावी तसे ते येते आणि जाते. उष्ण मुलुखांतल्या जुन्या समाजांना हे माहीत होते. त्यांनी या ओहोटीशी भांडण केले नाही, तिला दिवसात जागा करून दिली. स्पॅनिश 'सिएस्ता' हा शब्द लॅटिनमधल्या सहाव्या तासावरून आला. सूर्योदयापासून मोजलेला सहावा तास म्हणजे मध्यान्ह. अरबीत त्यासाठी शब्द आहे 'कैलुला'. आणि मराठीत वामकुक्षी.

कैलुला आणि वामकुक्षी

कुरआनच्या चोविसाव्या अध्यायात, सूरह नूरमध्ये, घरातल्या खासगीपणाविषयी एक आयत आहे (24:58). नोकरांनी आणि लहान मुलांनीसुद्धा तीन वेळा परवानगी घेतल्याशिवाय आत येऊ नये असे तिथे सांगितले आहे. पहाटेच्या नमाजआधी, ईशाच्या नमाजनंतर आणि भर दुपारी, जेव्हा माणसे अंगावरचे कपडे उतरवून आराम करतात. मला ही आयत नेहमी विलक्षण वाटते. तिच्यात 'दुपारी झोपा' असा आदेश नाही. दुपारी लोक आडवे होतात हे गृहीत धरून त्या विश्रांतीभोवती दार लावून घेण्याचा हक्क ती देते. दुसऱ्या एका ठिकाणी (30:23) रात्रीची आणि दिवसाची झोप ही ईश्वराच्या निशाण्यांपैकी एक म्हटली आहे.

हदीसच्या ग्रंथांत तर दुपारच्या विश्रांतीचे घरगुती तपशील जागोजाग सापडतात. 'सहीह बुखारी'त सहल बिन साद (रजि.) सांगतात की जुमाच्या दिवशी आम्ही जेवण आणि कैलुला नमाजनंतर करत असू. म्हणजे एरवी तो आधी होत असे. पैगंबर (स.) दुपारी उम्मे सुलैम यांच्या घरी विश्रांती घेत आणि त्या त्यांच्यासाठी चामड्याची चटई अंथरत, हेही त्यातच येते. आणि हजरत अली (रजि.) यांचे 'अबू तुराब', धुळीचा बाप, हे लाडके नाव कुठून आले? घरात थोडी कुरबुर झाली, ते कैलुला न करताच बाहेर पडले आणि मशिदीत जाऊन जमिनीवर आडवे झाले. अंगावरची चादर सरकून कुशीला धूळ लागली होती. पैगंबर (स.) शोधत आले, हाताने धूळ झटकू लागले आणि त्यांना या नावाने हाक मारली. 'शैतान कैलुला करत नाही, म्हणून तुम्ही करा' अशा आशयाची रिवायतही प्रसिद्ध आहे. तिच्या सनदेबद्दल मुहद्दिसांमध्ये मतभेद आहेत. पण अबू तुराबची हकीकत पक्की आहे आणि तिच्यात आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे. दुपारी थकलेला माणूस मशिदीत जाऊन झोपला आणि कोणी त्याला हटकले नाही. या मुद्द्याकडे शेवटी परत येऊ.

आपल्याकडच्या वैद्यकाची भूमिका जरा सावध होती. चरकसंहिता दिवसा झोपण्याच्या बाजूने नाही. त्याने कफ वाढतो असे ती सांगते. पण ती अपवाद करते आणि ते अपवाद वाचण्यासारखे आहेत. उन्हाळ्यात, जेव्हा रात्री लहान असतात, तेव्हा दिवसा झोपायला हरकत नाही. म्हातारे, मुले, अशक्त यांनी झोपावे. आणि ओझी वाहून, वाट चालून, अभ्यास करून जे थकले आहेत त्यांनीही झोपावे. ओझे वाहणारा आणि वाट चालणारा. वैद्याला ठाऊक होते की नियम बसून राहणाऱ्याला एक आणि राबणाऱ्याला दुसरा. मराठी घरांतली वामकुक्षी याच समजुतीतून आलेली तडजोड म्हणता येईल. जेवल्यावर शतपावली, मग डाव्या कुशीवर थोडा वेळ आडवे होणे. गाढ झोप नव्हे, डोळा लागला तर लागला. पुण्यातली दुपारी एक ते चार बंद असलेली दुकाने हा आता विनोदाचा विषय झाला आहे. पण त्या बंद फळ्यांमागे एक जुनी समजूत होती, ती आपण हसण्यावारी नेली.

भोंगा आणि अर्धा तास

मुंबईत ही समजूत मोडली ती कापड गिरणीने. शेतकरी उन्हात औत सोडून झाडाखाली बसू शकत होता. हातमागावरचा विणकर, मग तो सोलापूरचा साळी असो की बनारस-आझमगडकडचा मोमीन, धोटा बाजूला ठेवून घरातच आडवा होऊ शकत होता. तीच माणसे गिरणीत आली, मोमीन विणकर मदनपुऱ्यात राहून मागखात्यात लागले, आणि दुपार त्यांच्या हातून गेली. वाफेच्या इंजिनाला ओहोटी नसते. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पट्टे फिरत राहत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. म्हणजे चरकाने जेव्हा झोपायची मुभा दिली होती, नेमके तेव्हाच सर्वांत जास्त तास.

1881 साली देशातला पहिला कारखाना कायदा आला. तो मुख्यतः मुलांपुरता होता. मोठ्या माणसांच्या विश्रांतीबद्दल त्यात काही नव्हते. तीन वर्षांनी, सप्टेंबर 1884 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांनी सह्या-अंगठे दिलेले निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले गेले. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर किती माफक वाटतात. आठवड्यातून रविवारी एक सुट्टी. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. आणि दुपारी अर्धा तास विश्रांती.

अर्धा तास! पिढ्यान्‌पिढ्या जी गोष्ट कोणाला मागावी लागली नव्हती ती आता अर्ज करून मागावी लागत होती. आणि तीही लगेच मिळाली नाही. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आणि 1891 च्या कारखाना कायद्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवण्याची तरतूद केली. रविवारच्या सुट्टीसाठी आपण लोखंड्यांची आठवण काढतो, ती काढलीच पाहिजे. पण जेवणाची सुट्टी हीसुद्धा त्याच निवेदनातली मागणी होती, हे किती जणांना माहीत असते?

हेच लोखंडे 1893 च्या हिंदू-मुस्लिम दंग्यानंतर सलोख्यासाठी राणीच्या बागेत सभा भरवणाऱ्यांत पुढे होते. मागखात्यातला मोमीन आणि बाकी खात्यांतला कोकणी-घाटी कामगार एकाच भोंग्यावर जेवायला सुटतात, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेला माणूस विरळाच असेल. 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांसाठी काम करताना ते गेले.

अर्धा तास मिळाला, पण पुढे विजेचे दिवे आले. 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेच्या उजेडात चौदा-पंधरा तासांपर्यंत काम चालू लागले. सूर्यास्ताची शेवटची मर्यादाही गेली. मग कामगारांनी काय केले? 1907-08 च्या कारखाना आयोगापुढे मालकांनी तक्रार केली की कामगार फार वेळ बाहेर रेंगाळतो. आवारात बसतो, विडी ओढतो, अंघोळ करतो, झोप काढतो. आयोगाच्या लक्षात आले की रेंगाळणे हा इतक्या लांब पाळीचाच परिणाम आहे. इतके तास सलग कोणी काम करू शकत नाही, म्हणून माणूस आपली विश्रांती आपणच कापून घेतो. 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. मालक ज्याला कामचुकारपणा म्हणत होते, ती शरीराने मागितलेली कैलुला होती.

विश्रांतीच्या जागी चहा

इथे चहाचा प्रवेश होतो. आज आपल्याला चहा अनादि वाटतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या सामान्य घरात तो नव्हता. आसामात पिकणारा चहा परदेशी जात होता. 1903 मध्ये चहाच्या निर्यातीवर उपकर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला, बाहेर आणि पुढे देशातही. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रचारकांनी कारखाने, कोळशाच्या खाणी आणि कापड गिरण्या यांच्याकडे मोर्चा वळवला. मालकांना पटवले गेले की कामगारांसाठी चहाची टपरी ठेवा, थोडी सुट्टी द्या, काम चांगले होईल. रेल्वे स्थानकांवर चहा आला. 1930 च्या दशकात चहा मंडळाच्या पाट्या आणि पोस्टर गावोगाव लागले. थकवा घालवणारे पेय म्हणून चहाची ओळख अशी पक्की झाली. गांधीजी चहाच्या विरोधात लिहीत राहिले, पण ही लढाई ते हरले. इराण्याच्या हॉटेलात, गिरणीच्या दारात, सगळीकडे चहा.

मी चहाचा शत्रू नाही. टपरीभोवती जमलेली माणसे, अर्ध्या ग्लासातली भागीदारी, हे या शहरातले एक मोठे सुख आहे आणि त्यात जात-धर्म फारसा विचारला जात नाही, ही छोटी गोष्ट नव्हे. माझा मुद्दा वेगळा आहे. चहा विश्रांती देत नाही. थकव्याची जाणीव लांबवतो. जागे असताना मेंदूत झोपेची निकड निर्माण करणारे एक द्रव्य साठत जाते. चहा-कॉफीतले कॅफिन त्याची जागा अडवून बसते, द्रव्य मात्र साठतच राहते. कर्ज फेडायचे राहून फक्त तारीख पुढे ढकलली जाते. शिवाय घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे अंगातून जायलाच साधारण पाच तास लागतात. साडेचारचा चहा रात्री साडेनऊला अर्धा शिल्लक असतो. मग झोप उशिरा, सकाळी डोके जड, दुपारी सुस्ती जास्त, म्हणून चहा जास्त.

मजेची गोष्ट अशी की कॉफीच्या इतिहासात पहिली ठळक पावले सूफींची आहेत. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहायला कॉफी पीत. 1511 मध्ये मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी कॉफीच्या बिया हजहून येताना चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगराला आजही त्यांचे नाव आहे. हे सूफी स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या ईश्वरासाठी रात्र जागवत होते. दुपारी दुसऱ्याच्या कामासाठी डोळे उघडे ठेवायला तेच पेय वापरणे, हा उपयोग गिरणीच्या आणि ऑफिसच्या काळाने शोधला.

उपनगरांची दुपार

साष्टीतली ही गावे, अंधेरी, मरोळ, घाटकोपर, भांडुप, मुलुंड, बोरिवली, भातशेतीची होती. 1950 आणि 1957 मध्ये ती टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईत आली. जुन्या आग्रा रोडवर, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, कारखान्यांची रांग उभी राहिली. मरोळला औद्योगिक वसाहत झाली, 1973 मध्ये सीप्झ आले. 1948 च्या कारखाना कायद्याने कामगाराला पाच तासांनंतर किमान अर्धा तास सुट्टी दिली होती. दीडशेपेक्षा जास्त कामगार असतील तर विश्रांतीची खोली आणि अडीचशेपेक्षा जास्त असतील तर कँटीन. लोखंड्यांच्या अर्ध्या तासाला आता छप्परही मिळाले होते.

मग कारखाने बंद पडत गेले. त्या जागी मॉल, टॉवर आणि काचेची ऑफिसे आली. अर्धा तास कागदावर राहिला, खोली गेली. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना कायद्यानेही सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुट्टी दिली होती. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि दुकाने-आस्थापनांची नऊवरून दहा तास करण्याचा निर्णय घेतला. बारा तास! 1911 चा आकडा.

आणि ज्यांना कोणताच भोंगा नाही त्यांचे काय? घाटकोपरच्या पुलाखाली दुचाकीच्या सीटवर मान टाकून पडलेला डिलिव्हरीवाला. बारा तासांची पाळी करणारा सोसायटीचा वॉचमन, ज्याला डुलकी लागली तर फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो. साकीनाका-असल्फाच्या गाळ्यांत शिलाई करणारे कारागीर. चार घरची कामे उरकून दुपारी स्वतःच्या घरचे करायला धावणाऱ्या बायका. यांच्यापैकी अनेकांचे घर दहा बाय दहाचे आहे. सूरह नूरमधले दुपारचे दार लावायला त्यांना दारच नाही.

रमजानमध्ये हे जास्त टोचते. पहाटे सहरीसाठी सर्वांत आधी उठते ती घरातली बाई, आणि इफ्तारची तयारी असरआधीच सुरू होते तीही तिच्याच हाताने. सुन्नत म्हणून कैलुलाचे फायदे आपण व्याख्यानांत ऐकतो, पण त्या घरात ती कोणाच्या वाट्याला येते? पुरुषांनी रमजानमध्ये एक काम करावे. दुपारचा अर्धा तास आधी घरातल्या बाईला मिळेल असे पाहावे, मग स्वतः आडवे व्हावे.

मग करायचे काय?

रमजान हा चहाशिवाय दुपार काढण्याचा वार्षिक वर्ग आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. चहा एकदम सुटला की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, दुसऱ्या दिवशी जास्त, आणि काही दिवसांत उतरते. पहिल्या रोजांची डोकेदुखी पुष्कळदा भुकेची नसून चहाची असते. शाबानमध्येच एकेक कप कमी करत आणला तर ती टळते. एरवीही हीच रीत. आधी दुपारी तीननंतरचा चहा सोडावा, मग हळूहळू बाकीचा.

जागा मिळत असेल तर तीनच्या आत पंधरा-वीस मिनिटे आडवे व्हावे. जास्त नको, गाढ झोपेतून उठले की डोके आणखी जड होते. वामकुक्षी सांगणाऱ्यांचे हे शहाणपण आजच्या अभ्यासाशी जुळते. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना चाळीस मिनिटांची सवड देऊन पाहिली. ते सरासरी सव्वीस मिनिटे झोपले आणि नंतर जास्त सावध राहिले. आडवे होता येत नसेल तर पाणी, चालणे आणि उजेड. जोहरच्या नमाजमध्ये हे तिन्ही येते. खुर्चीतून उठणे, वजूचे गार पाणी तोंडावर, हातांवर, पायांवर, मशिदीपर्यंत उन्हातून चार पावले, मग वाकणे, उठणे, बसणे आणि थोडा वेळ कोणाशीही न बोलणे. नमाज यासाठी नाही, हे उघड आहे. पण तिच्यासोबत हे मिळते. नमाज न पढणाऱ्याने जेवल्यावर शतपावली करावी, तोंडावर पाणी मारावे, आणि डब्यात भात थोडा कमी, उसळ-भाजी थोडी जास्त ठेवावी. ज्या वर्षी रविवारची सुट्टी मिळाली त्याच 1890 पासून या शहरात डबे पोचवणारे डबेवाले दुपारी सगळ्यांचे डबे पोचवून झाल्यावर एकत्र बसून जेवतात, मगच रिकामे डबे उचलायला निघतात. कामातच थांबायची जागा ठेवणे हे त्यांना साधले आहे.

पण हे सगळे एकेकट्याचे उपाय झाले, आणि प्रश्न एकेकट्याचा नाही. आपल्या कोकणातल्या, कुर्ल्या-मुंब्र्यातल्या कितीतरी घरांतली माणसे आखातात राबली आहेत. तिथे कामगारांच्या हक्कांची अवस्था काही आदर्श नाही. तरी संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास बंदी आहे; सौदीतही त्याच महिन्यांत बारा ते तीन. मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये मेट्रोच्या आणि टॉवरच्या बांधकामावर असा नियम का असू नये?

आणि एक गोष्ट आपल्याच हातात आहे. उपनगरांतल्या कितीतरी मशिदींना जोहरची जमात संपली की असरपर्यंत कुलूप लागते. पंखे बंद, चटया गुंडाळलेल्या, गार फरशी रिकामी. चोरीची भीती, देखभालीचा खर्च ही कारणे खरी आहेत, पण त्यांवर तोडगा निघू शकतो. एक हॉल, दोन पंखे, पाण्याचा एक माठ आणि लक्ष ठेवायला एक माणूस. दोन ते चार. येणारा डिलिव्हरीवाला कोणत्या धर्माचा आहे हे विचारू नये. देवळांच्या सभामंडपांनी, समाजमंदिरांनी, सोसायट्यांच्या रिकाम्या हॉलनीही हेच करावे. जे आधीच करत असतील त्यांना दुवा. अबू तुराबच्या हकिकतीवर आपण वर्षानुवर्षे बयान ऐकतो. तिच्यातला मशिदीत आडवा झालेला थकलेला माणूस आज दाराबाहेर, पायरीच्या सावलीत बसलेला असतो. मशिदीच्या विश्वस्तांनी पुढच्या बैठकीत एवढा एकच विषय घ्यावा, अशी विनंती आहे.